हांबुर्गच्या टाळ्या

हांबुर्ग, २८ ऑक्टोबर १९८३

ती. आत्माराममामांस,

साष्टांग नमस्कार घालायला इथं जागा आहे, पण फरशी अशी गारठली आहे की उभ्यानंच घालते. मामीलाही त्यातलाच अर्धा द्या.

हे पत्र विमानानं येतंय आणि त्याच्या मागून, बोटीनं, एक कॅसेट. आपल्या वाडीतल्या सदूची मालबोट इथल्या बंदराला लागली होती. दमयंती इथं असते हे त्याच्या लक्षात होतं, पत्ता शोधत दारात उभा राहिला. बांगडा नव्हता, त्याच्या नात्यातला एक मासा इथं मिळतो, त्याचं कालवण केलं. सदू म्हणाला, "दमीताय, चव आपली नाय, पन तिखट आपलाच हाय." बिचारा मागून मागून जेवला. निघताना कॅसेट त्याच्या हातात दिली आणि वेळणेश्वरला पोचल्यावर पहिल्यांदा मामांकडे जा, मग आईकडे, असं बजावलं.

आता कॅसेटचं. या महिन्याच्या सुरुवातीला इथल्या मोठ्या सभागृहात वाद्यवृंदाचा कार्यक्रम होता. ज्यांनी पियानो वाजवायचा ते गृहस्थ ऐन वेळी तापानं पडले. कुणीतरी सांगितलं, संगीतशाळेत पोरांना शिकवणारी एक भारतीय बाई आहे, तिला ही रचना येते. येते म्हणजे काय, वर्षानुवर्षं शिकवतेय. पण एवढ्या लोकांपुढं स्वतः कधी वाजवली नव्हती. गेले आणि वाजवली. तीन भाग आहेत, मधला संथ. सगळं कॅसेटमध्ये आहे, शेवटी लोकांनी काय केलं तेसुद्धा.

कार्यक्रम कसा झाला ते मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही माझ्याकडं बघून ऐकाल. मला तसं नको. देवळातल्या पायपेटीवर मला बसवलंत तेव्हा जसं ऐकायचात, भुवया आत ओढून, तसं ऐका. शाळेत मुलांना शिकवत राहायचं, की नोकरी सोडून नुसतं वाजवायचं, हे मला वर्ष संपायच्या आत ठरवायचं आहे. अकरा वर्षांची होते तेव्हा "हिला इथं ठेवू नका, मुंबईला शिकायला पाठवा" असं बाबांना तुम्हीच सांगितलंत आणि मी गेले. आता छत्तीस वर्षांची आहे, पण निकाल तुमचाच हवा.

तुमची,
दमी


वेळणेश्वर, १० डिसेंबर १९८३

चि. दमयंतीस,

नेहमीचे आशीर्वाद, आणि या खेपेस थोडे जास्तच.

सदू आला. आईकडे आधी गेला, ते मी मनावर घेतलं नाही. कॅसेट मिळाली. त्याच्याकडचा टेपरेकॉर्डर मागून आणला, पडवीचं दार लावून घेतलं आणि एकट्यानं ऐकली. तुझ्या मामीलाही आत घेतलं नाही.

दमी, शेवटपर्यंत ऐकली. कॅसेट आपली आपण खट् करून थांबली तिथपर्यंत.

आता मी काय लिहितो ते शांतपणानं वाच. माणसानं सगळं करून बघावं, पण सगळंच आपल्याला लाभतं असं नाही. मंचाचा नाद सोड. शाळेतली नोकरी अजिबात सोडू नकोस. शिकवणं ही काही हलकी गोष्ट नव्हे, मी जन्मभर तेच केलं आणि माझं काही वाईट झालेलं नाही. आणि तिथं राहणंच जड जात असेल तर सरळ घरी ये. रत्नागिरीला मुलींच्या एका शाळेत संगीताच्या बाई हव्या आहेत असं परवाच कानावर आलं. तू आलीस तर मी स्वतः जाऊन बोलतो. तिकडे काय झालं, कसं झालं, हे इथं कुणी तुला विचारणार नाही. मीही विचारणार नाही आणि तूही सांगू नकोस.

थंडीत डोक्याला काही बांधत जा.

तुझा,
मामा


हांबुर्ग, २४ डिसेंबर १९८३

ती. मामांस,

नमस्कार.

पत्र मिळालं. तीनदा वाचलं. कुठला सूर चुकला, लय कुठं सुटली, यातलं एक अक्षर तुम्ही लिहिलं नाहीत. पूर्वी चूक झाली की तुम्ही बोटावर टिचकी मारायचात. या वेळी टिचकीसुद्धा मारावीशी वाटली नाही, म्हणजे दुरुस्त करण्यासारखं त्यात काही उरलेलं नाही, एवढं मला कळतं.

मला वाईट वाटलं. लपवत नाही. वाजवताना मला वाटत होतं की हे चांगलं चाललंय. तुम्हाला तसं वाटलं नसेल तर माझा कान मला फसवतोय आणि असा कान घेऊन लोकांपुढं बसण्यात अर्थ नाही. वाद्यवृंदाच्या लोकांनी पुढचं विचारलंय, त्यांना नकाराचं पत्र लिहून ठेवते. सुट्या आहेत, त्या संपल्या की टाकीन.

रत्नागिरीच्या शाळेचं इतक्यात कुणाशी बोलू नका. इथली पोरं माझ्यावाचून अडतील.

डोक्याला बांधते.

दमी


वेळणेश्वर, ८ जानेवारी १९८४

चि. दमी बाय,

मी मामी आनंदी. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तेव्हा अक्षराला हसू नको, मजकूर बघ. हे पत्र तुझ्या मामांच्या नकळत लिहितेय.

तुझं पत्र आल्यापासून घरात सुतक असल्यासारखं झालंय. मामा वाचून झाल्यावर जे किनाऱ्यावर जाऊन बसले ते जेवायलाही आले नाहीत. कॅसेट ऐकल्यापासून महिनाभर पेटीचं झाकण उघडलेलं नाही. महाशिवरात्रीच्या उत्सवाला पेटीवर दुसरा माणूस बघा असा देवळात निरोप दिला. वाडीतले लोक कॅसेट ऐकायला येतात तर सगळ्यांना सांगतात, पाणी लागून खराब झाली. सदू म्हणतो, माझ्याकडून पाणी लागलंच नाही, आणि उगाच बोलणी खातोय.

काल मी सरळ समोर जाऊन बसले. म्हटलं, "पोरीनं असा काय वाईट वाजवलान, की तुम्ही तिला घरी बोलवताव?"

तर माझ्यावरच ओरडले. "वाईट? कोण म्हणतो वाईट वाजवलान?"

"मग?"

मग रडायला लागले गो. लग्नाला चाळीस वर्षं झाली, मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. म्हणाले, "पोरीला टाळ्या देऊन उठवलनी गो त्या लोकांनी. पाय आपटून हाकललनी."

मग सगळं बाहेर पडलं. म्हणाले, एवढा वेळ ती वाजवतेय आणि सभागृहात एकजण 'वा' म्हणत नाही, 'क्या बात है' नाही, काही नाही. मेल्यासारखे गप्प. मधे जरा थांबली की नुसते खोकतात. शेवटी टाळ्या झाल्या त्या बऱ्या होत्या, पण मग त्याच टाळ्या तालात पडायला लागल्या, एकसारख्या, आणि वर पाय आपटणं. तिथंच कॅसेट संपली. 

तुला ठाऊक नसेल, तू लहान होतीस. संगमेश्वराच्या बाजूला एका गावात नाटक होतं, मामा पेटीवर होते. मुख्य नटाचा आवाज बसलेला. लोकांनी अशाच तालात टाळ्या धरल्या, पाय आपटले, आणि पडदा पाडायला लावला. त्या माणसानं पुन्हा तोंडाला रंग लावला नाही. मामा त्याची साथ करत होते, ते त्यांच्या मनातून गेलेलं नाही. म्हणाले, "माझ्या पोरीचा तसा झाला तर? पत्रात एवढी धिटाईनं लिहितेय, पन आतून मोडली असंल. मी कशाला त्याच्यावर बोट ठेवू?"

बाय, मला गाण्यातलं कळत नाही. तुला खरंच हाकललं असेल तर त्या लोकांचं वाटोळं होवो. पण तुझं वाजवणं मामांना वाईट वाटलं असं तू मनात धरून बसली असशील तर ते काढून टाक. ते चोरून रोज ऐकतात. शेवट यायच्या आत बंद करतात.

लगेच उत्तर टाक. पाकिटावर माझं नाव घाल.

मामी


हांबुर्ग, २२ जानेवारी १९८४

प्रिय मामी, आणि मामी, हे पत्र तू मोठ्यानं वाच आणि मामांना समोर बसव,

मी इतकी हसले की खालच्या मजल्यावरची म्हातारी काय झालं बघायला वर आली. तिला सांगता येईना. मग रडले, तेव्हा ती मला कॉफी करून देऊन गेली.

मामा, ऐका. मला कुणी हाकललं नाही.

इथली रीतच वेगळी आहे. वाजवणं चाललेलं असताना लोक श्वाससुद्धा बेतानं घेतात. मधेच कुणी 'वा' म्हणालं तर शेजारचे असे बघतील की बिचारा जन्मात पुन्हा येणार नाही. दाद सगळी पोटात साठवून ठेवायची. खोकलासुद्धा राखून ठेवतात आणि एक भाग संपला की अख्खं सभागृह मिळून खोकून घेतं. मग शेवटी सगळं एकदम सोडायचं. आणि वाजवणाऱ्याला जाऊच द्यायचं नसलं, की टाळ्या तालात धरतात आणि लाकडाच्या जमिनीवर पाय आपटतात. जितका जास्त दणका तितका जास्त मान. मी आत गेले की पुन्हा दणका, पुन्हा बाहेर. शेवटी आणखी एक तुकडा वाजवला तेव्हा कुठं सुटले. कॅसेट त्याआधीच संपली, नाहीतर तुम्हाला तो तुकडा ऐकू आला असता आणि तुमचा महिना वाया गेला नसता.

तुम्ही घाबरलात त्यात तुमची चूक नाही. मीच विसरले. इतकी वर्षं इथं राहून मला आता ते पाय आपटणं गोड वाटतं. आपल्याकडं त्याचा अर्थ काय होतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आता मी काय केलं ते ऐका. त्या कार्यक्रमानंतर वाद्यवृंदाच्या लोकांनी मला विचारलं होतं की पुढच्या मोसमात आमच्याबरोबर निरनिराळ्या शहरांत वाजवाल का. तोच तो निर्णय, जो तुमच्या निकालावर मी टांगून ठेवला होता. नकाराचं पत्र लिहून तयार होतं. मग म्हटलं, सही करायच्या आधी मामांना काय खटकलं ते तरी शोधू. माझ्याकडं कॅसेटची दुसरी प्रत होती, ती लावली. आपल्या वर्गातली कुणी मुलगी वाजवतेय आणि मी तिची परीक्षक आहे, अशी बसले. पेन्सिल घेऊन.

पहिल्या भागात एका जागी घाई झालीय. तिसऱ्यात एक सूर पुसट पडलाय. तेवढंच. मधला संथ भाग संपला आणि माझ्या तोंडून मोठ्यानं 'वा' निघून गेलं. खोलीत मी एकटी, स्वतःलाच दाद दिली! लाज वाटली, पण परत ऐकलं तर तिथंच परत निघालं.

मग मला तुमचा राग आला, मामा. खराखुरा. जन्मात पहिल्यांदा वाटलं की मामा चुकले. तुमचं ऐकून मी मुंबईला गेले, तुमचं ऐकून पेटी सोडून पियानोला बसले, आणि त्या दिवशी तुमचं न ऐकता नकाराचा कागद फाडून होकार लिहिला. बर्फात चालत जाऊन टाकून आले. मामीचं पत्र त्याच्या नंतर पोचलं. म्हणजे तुमची परवानगी नाही असं धरूनच मी हो म्हटलंय, आणि आता परवानगी मिळाली तरी तिचा उपयोग नाही.

पहिला कार्यक्रम सप्टेंबरात. शाळाही पुरती सोडत नाही. मोठ्या मुलांचा एक वर्ग माझ्याकडंच राहील, मुख्याध्यापक स्वतः म्हणाले.

तेव्हा आता भीती नको आणि माया नको. टाळ्या बाजूला ठेवा. वाजवणं कसं होतं ते सांगा.

दमी


वेळणेश्वर, ४ मार्च १९८४

चि. दमयंतीस आशीर्वाद.

मी गाढव आहे. हे वाक्य मामीनं स्वतः वाचून, बरोबर आहे म्हणून सांगितलं, तेव्हा पुढं लिहितो.

तुझं पत्र तिनं असं काही मोठ्यानं वाचलं की वाडीत वेगळी दवंडी पिटायला नको. सदूची मी माफी मागितली. तो म्हणतो, माफी नको, कॅसेट ऐकवा. मग बेत ठरला. महाशिवरात्रीला नाटकाच्या आधी गाव जमतंच. टेपरेकॉर्डर कर्ण्याला जोडला, माईक मी धरला. सांगितलं, ही आपल्या गंगारामची दमयंती, हांबुर्ग शहरात वाजवतेय, आणि तिथल्या लोकांना 'वा' म्हणायची बंदी आहे, तेव्हा त्यांच्या वाटणीचं आपण म्हणायचं आहे.

मग काय विचारतेस! सुरुवातीला लोक बिचकले. एवढी वाद्यं एकदम वाजलेली आपल्याकडं कुणी ऐकली आहेत? पोरांनी कानांवर हात ठेवले. पण तू एकटी सुरू झालीस आणि बायका पुढं सरकल्या. संथ भागाला मागून कुणीतरी 'अहाहा' केलं, ते थेट तुझ्या तोंडून 'वा' निघालं त्याच जागेवर. शेवटी पाय आपटायला लागले तेव्हा मी माईकवर ओरडलो, "घाबरू नका हो, सोडत नाहीत तिला!" तर गावानं काय आपटलेनीत पाय! पुजाऱ्यांना वाटलं मांडव पडतो. नाटक उशिरा सुरू झालं. पेटीवर मीच होतो.

आता निकाल.

मधेच उत्सवाचा फळा लिहिणारा दादू गुरव माझ्या कानाशी येऊन विचारतो, "दमीच्या जोडीला दुसरी कोण वाजवतेय?" मी म्हटलं, "दुसरी कोण नाय. तो तिचा डावा हात." म्हटलं खरं, आणि मगच ते माझ्या ध्यानात आलं.

दमी, तुझा उजवा हात मी ओळखला. सूर सोडतेस कसा, जागेवर येतेस कशी, ते माझंच आहे, अजून तस्संच आहे. पण डावा माझा नव्हे. आम्ही पेटीवाले. आमचा डावा हात जन्मभर भाता हलवतो. उजव्यानं बोलायचं आणि डाव्यानं वारा घालायचा. माझा डावा हात सत्तराव्या वर्षापर्यंत एक अक्षर बोललेला नाही. तुझा बोलतो. उजव्याशी भांडतो, त्याला थांबवतो, मधेच त्याच्या पुढं जातो. हे तू कुठं शिकलीस, कोण तुझे गुरू, त्यांना माझा नमस्कार सांग. मी हे तुला दिलेलं नाही. मला देताच आलं नसतं.

माझं ऐकलं नाहीस ते फार बरं केलंस. माझं ऐकलं असतंस तर मी हे कुणाला सांगितलं असतं?

एक विचारायचं आहे. देवळातली ती पायपेटी, आता धर्मशाळेत पडून होती, ती मी पुसून घेतली. तिला भाता पायानं, म्हणजे दोन्ही हात मोकळे. गेले चार दिवस संध्याकाळी जाऊन बसतो. तुझ्या संथ भागातलं उजव्या हाताचं मला थोडं बसलं. डावा हात सुरांवर ठेवला की नुसता थरथरतो. इतकी वर्षं तुला शिकवलं त्याची आठवण धरू नकोस. मे महिन्यात सुटीवर येशील तेव्हा मला शिकवशील का? या वयाचा विद्यार्थी तुझ्या शाळेत घेत नसतील तर तसं कळव.

मामा


हांबुर्ग, १८ मार्च १९८४

ती. मामांस नमस्कार. तो इथंच संपला. याच्या खाली शिकवणी सुरू होते आणि शिकवणीत मी नातं धरत नाही.

तर आत्माराम, तुमचा प्रवेश मंजूर.

पहिला धडा. उजवा हात मांडीवर ठेवायचा आणि त्याला तिथून हलू द्यायचं नाही. तो फार शहाणा आहे, डाव्याच्या वाटणीचं तोच बोलून टाकील. डाव्याला एकटं बसवा. सोबतच्या कागदावर मी सरगम लिहून पाठवलीय, अगदी सावकाश वाजवायची. थरथर होते ती चांगली. कधीच न बोललेला माणूस बोलायला उभा राहिला की तसंच होतं. माझ्या वर्गातली सात वर्षांची पोरं या धड्याला रडतात. तुम्हीही रडा, मी कुणाच्या रडण्याला भीत नाही.

दुसरं. चूक झाली की थांबायचं नाही. तुम्ही मला थांबवून टिचकी मारायचात, ते मी माझ्या वर्गात बंद केलंय. चुकलेला सूर मागं राहू द्यायचा आणि पुढं जायचं. मी त्या दिवशी सभागृहात तेच केलं.

तिसरं, आणि ते देवळातल्या लोकांनाही सांगा. मी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पोचते. त्यानंतरच्या शनिवारी संध्याकाळी सभामंडपात पायपेटीवर तो संथ भाग होईल. उजव्या हाताचं मी वाजवीन, डाव्या हाताचं तुम्ही. नाही म्हणायची सोय नाही. मीही दोन दिवसांच्या तयारीवरच बसले होते, तुम्हाला तर दोन महिने आहेत.

उत्सवाच्या फळ्यावर खडूनं नावं लिहितात ती मी लहानपणापासून वाचत आलेय. कुठून कुठून आलेल्या गवयांची नावं वर, मोठ्या अक्षरात, आणि सगळ्यांत खाली, फळा संपतो तिथं, बारीक: साथ, आत्माराम. तुम्ही कधी काही बोलला नाहीत. मला मात्र दर वेळी तो फळा पुसून टाकावासा वाटायचा. या वेळी दादूला सांगा, 'साथ' हा शब्द लिहायचा नाही. एकच ओळ, मधोमध, मोठ्या अक्षरात:

वादन: आत्माराम आणि दमयंती.

आणि तुमचं नाव पहिलं आहे म्हणून तुम्ही खोडायला सांगाल, तर वर्गाबाहेर उभं करीन.

तुमच्या बाई,
दमयंती